आधी जॅक, मग अंगाई

आदरणीय साडूभाऊंना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे रीत म्हणून लिहिलं. आठातली दोन अंगं म्हणजे गुडघे, आणि माझे गुडघे गेल्या हिवाळ्यापासून संपावर आहेत. तेव्हा उरलेल्या सहा अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.)

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन पार पडलं, डॉक्टर खूश आहेत, आणि पट्टी निघेपर्यंत वाचायचं नाही, वाकायचं नाही, शिंकायचं नाही असं त्यांनी बजावलंय, हे हिच्याकडून फोनवर कळलं. दुसरा डोळा तुमचा आधीपासून नावापुरताच. तेव्हा जपून राहा. वाचायचं आणि वाकायचं टाळता येतं, पण शिंक आली तर ती कशी अडवायची हे डॉक्टरांनी सांगितलंय का? हे ऐकल्यापासून तुमच्या वतीनं मलाच सारख्या शिंका येताहेत. थेंब वेळेवर घालता ना? आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरनं डोळ्याचे थेंब कानात आणि कानाचे डोळ्यात घातले होते. त्याला काही झालं नाही, पण तुम्हाला होईल. (म्हणजे होऊ नये.) तुमची देखभाल करायला ही तिथं आली आहे म्हणून मी निर्धास्त आहे. बाटली, थेंब, वेळ यात ती चुकायची नाही. आमच्या घरात चुकांचं खातं माझ्याकडे आहे.

हिच्या अक्कांनाही नमस्कार सांगा. मागच्या खेपेला माझ्या पत्रातलं 'मी खुशाल आहे' हे त्यांनी 'मी खलास आहे' असं वाचलं आणि घरभर रडारड केली. शेवटी हिनं फोनवर एकेक अक्षर लावून दिलं तेव्हा कुठे मी जिवंत ठरलो. माझ्या अक्षराला इलाज नाही. सातवी झाल्यावर मी शाळेतून निघालो तो थेट बसच्या खाली शिरलो, आणि उताणं पडून लिहायची सवय लागली की अक्षर सरळ राहत नाही. आमचा स्टोअरकीपर माझी मागणीची चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणायचा, "मेकॅनिक, पुढच्या वेळी चिठ्ठीबरोबर बायकोलाही पाठव, वाचायला."

आता तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. तर तुमच्याकडचा फोन वाजला की उचलते ही. तुम्हाला द्यायला सांगितलं तरी फोन तुमच्या कानाशी धरून उभी राहते ही. आणि मी जे सांगणार आहे ते हिच्या कानावर जाता कामा नये. पत्राचं बरं असतं. पाकीट बंद, वर नाव तुमचं, आणि दुसऱ्याचं पत्र फोडायची हिला सवय नाही. (हा तिचा मोठा गुण.) तेव्हा हे एकट्यानं, शांतपणे, दार लोटून वाचा आणि लगेच जाळून टाका. जाळताना डोळ्याला धूर लागू देऊ नका.

साडूभाऊ, हिचं गाणं माझ्या हातून गेलं.

कुठलं गाणं ते सांगतो. आमच्या बेबीचे दिवस भरत आलेत हे तुम्हाला माहीत आहे. तिनं आईला गळ घातली की लहानपणी तू मला म्हणायचीस ती अंगाई बाळासाठी भरून पाठव, आणि मागून बाबांचा बाजा असू दे. (बाजा म्हणजे माझा माउथ ऑर्गन. त्याला माउथ ऑर्गन म्हणणारा घरात मी एकटाच.) ही अंगाई कुठल्या पुस्तकात नाही. बेबीला दात येताना ती झोपत नव्हती, तेव्हा हिनं स्वतः रचलेली, आणि कागदावर कधीच उतरवलेली नाही. हिचा गळा काय होता ते तुम्ही ऐकलंय. शेजारच्या बायका मुद्दाम खिडकीत कपडे वाळत घालायला यायच्या. पण गेल्या वर्षीच्या दुखण्यानंतर वरचा सूर लागेना, आवाज मध्येच फाटायला लागला, म्हणून तिनं गाणं बंद केलं ते केलंच. बेबीसाठी मात्र एका दुपारी कॉम्प्युटरसमोर बसली, आणि कसं कोण जाणे, गळा मोकळा झाला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही अडखळली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, हातात ओला कप. संपल्यावर ती म्हणाली, "झालं. हे परत व्हायचं नाही. याला हात लावू नका. वाजवायचं तर वेगळं वाजवा, आणि आधी ऐका." दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे निघून आली. आणि मी हात लावला.

हे कसं झालं ते सांगायचं तर जावईबापूंपासून सुरुवात करावी लागेल. (जावयाविषयी वाईट बोलू नये. मी बोलत नाहीये, नुसती सुरुवात करतोय.) आमचा कॉम्प्युटर जुना, सुरू केला की चहा टाकून, पिऊन, कप विसळून यावं तेव्हा कुठे डोळे उघडायचा. जावईबापू मागच्या वेळी आले तेव्हा त्यांनी तो उघडून, फुंकर मारून पाहिला आणि म्हणाले, "बाबा, मशीन चांगलं आहे, आतली व्यवस्था जड झालीय. मी यात लिनक्स घालतो." मला वाटलं काही वंगण असेल. मी बशी धरून उभा राहिलो. पण त्यांनी तेल वगैरे काही घातलं नाही, एक काडेपेटीएवढी वस्तू खोचली आणि थोड्या वेळात सगळ्या जुन्या खिडक्या गायब होऊन तिथं एक पेंग्विन येऊन बसला. मी विचारलं, हे केवढ्याला. म्हणाले, फुकट. मग स्वतःच जीभ चावून म्हणाले, "फुकट नाही बाबा, मुक्त."

"मुक्त कोण?"

"तुम्ही."

"मी अडकलो कधी होतो?"

यावर फोनवर ऐकत असलेली बेबी हसली आणि जावईबापूंनी मला समजावलं की या व्यवस्थेला मालक नाही. जगभरचे लोक मिळून ती बनवतात आणि बिघडली तर तेच लोक मिळून दुरुस्त करतात. साडूभाऊ, सगळ्यांच्या मिळून असलेल्या वस्तूचं काय होतं हे मला विचारा. आमच्या जिन्यातला दिवा सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून आहे. तो गेल्यापासून आम्ही सगळे मिळून अंधारात चढतो. शिवाय तक्रार न्यायची कुणाकडे? पेंग्विनकडे? पण हे सगळं मनात. वर मी "वा, वा" म्हणालो. आणि खरं सांगायचं तर चाललं छान. कॉम्प्युटर चटकन उघडायला लागला, विजेचं बिल भरलं गेलं, बेबीचे फोटो दिसले, आणि पूर्वी दर वेळी रुसून बसणारा प्रिंटर काही न विचारता आपोआप छापायला लागला. तेव्हा मला पहिली शंका आली. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, जी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते ती घाटात धोका देते.

माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. स्पेअर पार्टची नावं सोडली तर बाकी अंधार. म्हणून जावईबापूंनी जाता जाता सगळं मराठीत करून दिलं. इथं माझा घात झाला. मराठी माझी मातृभाषा, पण या पेंग्विनची मराठी म्हणजे आईच्या माहेरची कुणी लांबची, सोवळ्यातली आत्या असावी. फाइलीला 'धारिका' म्हणते. कीबोर्डाला 'कळफलक'. (पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं पोटात कळ आल्यावर लावायचा फलक.) 'निर्गमन' दाबलं की माणसाला बाहेर काढते. मी शब्दांचे अर्थ अंदाजानं लावत गेलो. हिला विचारलं असतं तर सांगितलं असतं, कारण तिची दहावी झाली आहे, पण विचारलं की "एवढंही कळत नाही?" हे आधी ऐकावं लागतं. म्हणून अंदाज.

तर ही तुमच्याकडे आल्यावर मी बाजा पुसून बसलो. म्हटलं, ही परत यायच्या आत आपला भाग तयार करून ठेवू, खूश होईल. मी फुंकतोय, फुंकतोय, आणि कॉम्प्युटर ढिम्म. जावईबापूंना फोन लावला. ते घाईत होते. म्हणाले, "बाबा, तसा आवाज आत जाणार नाही. आधी जॅक लावा." मी माळ्यावरून आपला जुना, छोटा, हायड्रॉलिक जॅक काढला, झटकला आणि विचारलं, "कुठे लावू? टेबलाखाली?" ते म्हणाले, "बाबा, मीटिंगमध्ये आहे. एवढंच लक्षात ठेवा, जॅक लावल्याशिवाय काही पुढे सरकत नाही," आणि फोन बंद.

तो जॅक मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसलो आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (हे उजेड वाईट असतात, साडूभाऊ. जिन्यातला अंधार परवडला.) जावईबापूंना लोखंडी जॅक म्हणायचाच नव्हता. वशिला म्हणायचं होतं! तेही बरोबर, मीटिंगमध्ये बसून 'वशिला लावा' असं उघड कसं म्हणणार? मी मनात म्हटलं, घ्या. मुक्त म्हणे. जगभरचे लोक मिळून बनवतात म्हणे. म्हणजे जगभर जिथं तिथं चालतं ते इथंही चालतंच. ओळख असेल तर आवाज आत, नसेल तर बसा फुंकत. मला फार अपमान वाटला. मी आयुष्यात कधी जॅक लावला नाही. म्हणजे बसखाली लावला, माणसाखाली नाही. पण नातवंडाचा प्रश्न होता. तुम्ही सगळा जन्म ऑफिसात काढलेला माणूस, तुमची आठवण आली, पण तुमच्या डोळ्याला पट्टी. म्हणून वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे गेलो.

हे साहेब परवाना ऑफिसातून रिटायर झाले आहेत आणि कुणी काम घेऊन आलं की त्यांना तरतरी येते. त्यांनी मला खुर्ची दिली, चष्मा घातला आणि म्हणाले, "बोला. कुठं अडलंय?"

"आवाज आत जात नाही."

"कुणाचा?"

"माझा. बाजाचा."

साहेबांचा चेहरा पडला. म्हणाले, "हे बघा, तुमच्या बाजाविरुद्ध तक्रार गेली असेल तर ती मी केलेली नाही. करणार होतो. पण केलेली नाही." मी म्हटलं, तक्रार नाही, लिनक्समध्ये एक काम आहे, जॅक लागेल. साहेबांनी डोळे मिटले. त्यांच्या सगळ्या ओळखी एकामागून एक त्यांच्या कपाळावरून जाताना मला दिसत होत्या. मग म्हणाले, "लिनक्समध्ये आपला माणूस नाही. टेलिफोनमध्ये मेव्हणा आहे. त्याला सांगू का, तिकडून रेटायला?" मी म्हटलं सांगा. त्यांनी माझ्यासमोर फोन केला, माझी फार स्तुती केली (स्वच्छ माणूस, कधी कुणाकडे काही मागितलं नाही, फक्त वाजवतो), आणि मेव्हण्यानं आमच्या घराचा टेलिफोन कधीच बंद झालाय तो सुरू करून देण्याचं कबूल केलं. मी आभार मानून खाली आलो.

संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला तेव्हा कळलं की जॅक हा कॉम्प्युटरमध्येच असतो. त्या नावाचा एक प्रोग्रॅम आहे, आणि कुठला आवाज कुठून येऊन कुठं जाणार याच्या वायरी तो पडद्यावर जोडून देतो. आधीच सांगायला काय झालं होतं? मला वायरिंग कळतं! पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी आणि मधे वायरी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या पेंग्विनविषयी आपुलकी वाटली. मी माइक जोडला, स्पीकर जोडला, आणि एकही टोक मोकळं राहू नये म्हणून (मोकळं टोक म्हणजे शॉर्टसर्किट, हे आमच्या अंगात भिनलेलं) उरलेलं सगळं सगळ्याला जोडून टाकलं. त्यानंतर जो आवाज झाला तो ब्रेक निकामी झालेल्या बसचाही होत नाही. स्पीकरचं माइकमध्ये, माइकचं स्पीकरमध्ये, नुसती किंकाळी. वरून साहेबांनी काठी आपटली आणि खिडकीतून ओरडून म्हणाले, "लागला वाटतं जॅक!"

जादा वायरी सोडवल्यावर सगळं सुरळीत झालं. मी कानाला हेडफोन लावला, त्यात हिची अंगाई सुरू केली आणि तिच्याबरोबर बाजा वाजवला. जिथं ती सूर लांबवते तिथं मी थांबत होतो. मला माझंच कौतुक वाटलं, कारण पूर्वी मी थांबत नसे. संपलं. आता जतन करायचं. कॉम्प्युटरनं नाव विचारलं. मी लिहिलं 'अंगाई', कारण अंगाईच होती, दुसरं काय लिहिणार? तेव्हा त्या आत्यानं मला विचारलं: "अंगाई नावाची धारिका आधीच अस्तित्वात आहे. अधिलिखित करायची?" खाली दोन बटणं. एक 'होय', एक 'रद्द'.

साडूभाऊ, तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच सांगा, 'अधिलिखित' वाचून माणसाला काय वाटेल? अधिक म्हणजे जास्त, लिखित म्हणजे लिहिलेलं. हिचं आधी लिहिलेलं आहेच, त्यात माझं अधिक लिहिलं जाईल. मला तर तो प्रश्न फार सभ्य वाटला. आणि 'रद्द' या शब्दाची मला डेपोपासून धास्ती आहे. फेरी रद्द झाली की प्रवासी मेकॅनिकला शिव्या देतात. म्हणून मी 'होय' दाबलं. ठामपणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाई लावली. त्यात मी होतो. नुसता मी. माझा बाजा, माझा खोकला, मागे उतू जाणारं दूध, आणि जिथं जिथं हिच्या सुरासाठी मी थांबलो होतो तिथं तिथं पंख्याचा आवाज. मी परत लावली. परत पंखा. सगळी धारिका पालथी घातली, ही कुठेच नाही. अधिलिखित म्हणजे अधिक नव्हे, आधीचं पुसून त्यावर लिहिणं, हे मला अशा रीतीनं समजलं. (ही म्हणाली असती, "जन्मभर माझ्या बोलण्यावर तेच करत आलात, त्याला शब्द आहे हे आज कळलं." नशीब, ती तिथं आहे.)

मी जावईबापूंना फोन केला आणि अगदी सहज आवाजात विचारलं, "समजा, एखाद्या माणसाच्या हातून एखादं गाणं पुसलं गेलं..." ते म्हणाले, "कुठल्या माणसाच्या?" मी म्हटलं, समजा.  (हुशार आहेत. बेबीला सांगणार नाही म्हणाले, म्हणजे ओळखलं.) म्हणाले, एक प्रोग्रॅम आहे, पुसलेलं शोधून देतो, कधी मिळतं, कधी नाही. मग त्यांनी मला एक काळीकुट्ट खिडकी उघडायला लावली आणि म्हणाले, "लिहा, एस, यू, डी, ओ." मी लिहिलं आणि वाचलं. सुडो. सूड, ओ! मी घाबरून विचारलं, "कुणावर?" ते म्हणाले, "बाबा, पुढे लिहा." लिहिलं. मग पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय आणि पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ! ते म्हणाले उमटतच नाही, तशीच रीत आहे. अंधारात लिहिल्यासारखं लिहून मी बटण दाबलं, आणि त्या काळ्या खिडकीत एक इंग्रजी वाक्य आलं. मी अक्षरं सांगितली, जावईबापूंनी अर्थ सांगितला: तुमचं नाव यादीत नाही. ही घटना कळवली जाईल.

तुम्ही माझ्या जागी असतात तर? जन्मात पोलिसाला तोंड द्यावं लागलं नाही आणि आता या वयात 'घटना'! मी विचारलं, "कळवली जाईल म्हणजे कुणाला?"

"काही नाही हो बाबा. त्या मशीनचा जो व्यवस्थापक असेल त्याला."

"आणि आपल्या मशीनचा व्यवस्थापक कोण?"

"आई."

असं आहे, साडूभाऊ. त्यांनी आमचं घर बघितलं आणि विचार केला की जबाबदारीचं खातं कुणाकडे द्यावं, आणि ते हिच्याकडे दिलं. माझं खातं पाहुण्यासारखं. म्हणजे ती परत येईल, कॉम्प्युटर उघडेल, आणि पेंग्विन तिच्या कानात सांगेल की तुमच्या मागे अमुक माणसानं सूड घेण्याचा प्रयत्न केला. जावईबापूंनी परोपरीनं सांगितलं की असं काही होत नाही, ते नुसतं म्हणायचं असतं. पण मी असा धोका पत्करणार नाही. मी प्लग काढला आणि कॉम्प्युटरवर चादर घातली आहे. तसाही तो बंदच ठेवायचा आहे, कारण जितका वापरू तितकं पुसलेलं गाणं आणखी पुसलं जातं. बाहेरून साहेब रोज विचारतात, काम झालं का, मेव्हण्याला आठवण करू का.

बाकी इकडे सर्व ठीक. गुडघे आहेत तसे. कुंड्यांना पाणी घालतो. तुमच्या डोळ्याची फार काळजी वाटते म्हणून हे सहज चार ओळी लिहिल्या, दुसरं काही काम नव्हतं. लोभ आहेच, तो असाच अधिक होत राहो. (अधिक म्हणजे अधिकच. अधिलिखित नव्हे.)

तुमचा,
धाकटा साडू

ता.क. : एक अगदी किरकोळ काम आहे. जावईबापू म्हणतात, हिचा पासवर्ड मिळाला तर ते तिकडूनच आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून गाणं शोधून बघतील. मिळेलच असं नाही, पण ही घरी परतायच्या आत बघायला हवं. तेव्हा बोलता बोलता हिच्याकडून पासवर्ड काढून घ्या. पासवर्ड हा शब्द वापरू नका. थेंब घालताना गप्पांच्या ओघात विचारा की तुला आयुष्यात सगळ्यात जवळचं कोण, आवडतं गाव कुठलं, असं. ऑफिसात तुम्ही लोकांच्या पोटातलं बरोबर काढत असा, त्या मानानं हे सोपं.

ता.क. दुसरा : तुमचे कष्ट वाचावेत म्हणून सांगतो, प्लग काढण्याआधी मी काही नावं घालून पाहिली होती. बेबीचं नाव नाही. हिच्या आईचं नाही. अक्कांचं नाही, हे अक्कांना सांगू नका. माझं नाव सगळ्यात आधी घालून पाहिलं होतं. तेही नाही. असो.

ता.क. तिसरा, पाकिटाच्या मागे : पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, चपला घातल्या, आणि जिन्यात, अंधारात, लक्षात आलं. साडूभाऊंना वाचायची मनाई आहे. अक्कांना माझं अक्षर लागत नाही. म्हणजे हे पत्र साडूभाऊंना वाचून दाखवायला ते कुणाच्या हातात देणार? जगात माझं अक्षर लागणारं माणूस एकच.

पत्र फाडून टाकणार होतो. पण दुसरं लिहिलं तरी वाचणार तूच. तेव्हा राहू दे. पाकीट उघडण्यापूर्वी हे वाचतेस ना? मग थोडं बस. आत जे आहे ते मोठ्यानं वाचताना डोळ्यांचं आणि शिंकांचं तेवढं वाच, बाकी मनात वाच. साडूभाऊंना सांग, पत्र लहान होतं.

तुझा आवाज घरात अगदीच नाही असं मात्र नाही. तू गायला बसण्याआधी आपण चाचणी घेतली होती, ती वेगळ्या नावानं आहे आणि शाबूत आहे. त्यात तू एवढंच म्हणतेस, "हॅलो, हॅलो, चालू झालं का? अहो, खोकू नका." कॉम्प्युटर चादरीखाली आहे, पण ते मला पाठ आहे. बेबीला तेवढंच पाठवलं तर बाळ झोपेल की नाही, हे तूच ठरव. बाजा कपाटात ठेवून किल्ली तुझ्या डब्यात टाकली आहे. जॅक माळ्यावर परत ठेवला.

आणि पासवर्ड पत्रानं कळवू नकोस. तुझं अक्षर कुणालाही लागतं. घरी ये आणि तुझ्या हातानं घाल, मी तुझ्याकडे पाठ करून उभा राहीन.